तिन्ही कार्ब्युरेटरांचा आवाज

नवऱ्याने कंपनीची नोकरी वेळेआधी सोडली आणि थोड्याच दिवसांत हैदराबादच्या विद्यानगरातल्या आमच्या घरासमोर, पोर्चमध्ये, एक जुनी विलायती गाडी टोचन करून आणून उभी केली. राखाडी रंगाची, लांब नाकाची, दारं वजनदार. इंजिन सहा सिलिंडरचं, सहाही एका रांगेत. एका जुन्या घराण्याच्या शेडमध्ये ती कित्येक वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. सीटमध्ये उंदरांनी घरं केली होती.

नातेवाईक विचारायचे, एवढी चांगली नोकरी का सोडली? मी सांगायचे, त्यांना पहिल्यापासून गाड्यांचा शौक, आता कुठे वेळ मिळालाय. हे मी इतक्या जणांना सांगितलं की मलाही ते खरं वाटायला लागलं.

नवरा पुण्याचा. सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी हैदराबादला आला आणि इथलाच झाला. मी मात्र इथलीच. आमचे पूर्वज परभणीकडचे शेतकरी. आजोबांच्या आधीपासून कुटुंब शहरात, वडिलांचं बेगम बाजारात मिरची-हळदीचं ठोक दुकान. आमच्या घरी सगळे मराठीच बोलायचे, पण ती इथली मराठी. 'हो'च्या जागी 'हौ', 'नको'च्या जागी 'नक्को', भाजी म्हणजे तरकारी. लग्नानंतर पहिल्यांदा पुण्याला गेले तेव्हा सासूबाईंना म्हणाले, "तरकारी जल्दी चिरून टाकते." मोठ्या जाऊबाई हसू आवरायला मोरीत गेल्या. नवरासुद्धा तेव्हा हसला. पुढे घरात माझं काही ऐकलं की तो मान वाकडी करून म्हणायचा, "काय म्हणालीस? परत सांग." मी परत सांगायचे, यावेळी पुण्याच्या शब्दांत. नारायणगुड्याच्या शाळेत मी नोकरीभर गणित शिकवलं, मुलांसमोर कधी अडखळले नाही. पण मराठी माणसं जमली की मी गप्प बसायचे ते तेव्हापासूनच.

गाडीच्या कामात मी शिरले ती टॉर्च धरायला. शाळेतून निवृत्त झाले होते, मुलगी बेंगळुरूला नोकरीला, दुपारी करण्यासारखं काही नसायचं. एक वर्ष ब्रेक, वायरिंग, रेडिएटर यांतच गेलं. मग इंजिन चालू झालं, गाडी गल्लीतून फिरून आली, आणि नवऱ्याने ठरवलं की कार्ब्युरेटर बदलायचे.

मूळ गाडीला एकच कार्ब्युरेटर होता, इंजिनाच्या मधोमध. हवेत पेट्रोल मिसळून ते सिलिंडरांना पुरवणं हे त्याचं काम. मधल्या सिलिंडरांना तो पोटभर द्यायचा आणि दोन्ही टोकांपर्यंत पोचेस्तोवर कमी पडायचं. नवरा म्हणाला, "तीन बसवू. दोन-दोन सिलिंडरांना एक. मग कोणी उपाशी राहणार नाही." त्याच जातीच्या शर्यतीच्या गाड्यांना म्हणे कारखान्यातूनच तीन यायचे. कार्ब्युरेटर परदेशातून मागवले. ते ज्या नळकांड्यावर बसतात, म्हणजे मॅनिफोल्ड, तो कोइमतूरच्या एका वर्कशॉपमधून ओतून आणला. पेटी उघडली तेव्हा तिन्ही कार्ब्युरेटर कागदात गुंडाळलेले होते, पितळेच्या पूजेच्या भांड्यांसारखे चकचकीत.

ते बसवायला आम्हाला अख्खा पावसाळा लागला. मॅनिफोल्डचं एक तोंड इंजिनाला नीट टेकत नव्हतं, ते काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासलं. सांध्यातलं गॅस्केट दोनदा फाटलं. तिन्हींना एकत्र उघडणारी दांडी बसवली तर ती बॉनेटच्या बिजागरीला अडायला लागली. शेवटचा कार्ब्युरेटर गाडीच्या आतल्या भिंतीला अगदी खेटून होता. तिथला नट घट्ट करायला नवऱ्याचा हात जाईना. माझा गेला. मी टॉर्च त्याच्या हातात दिली आणि पाना घेतला. तो नट मी आंधळेपणाने, बोटांनी शोधून घट्ट केला. हात बाहेर काढला तेव्हा मनगट खरचटलेलं होतं, आणि मला किती आनंद झाला होता ते मी कोणाला सांगू शकले नसते.

इंजिन चालू केल्यावर ते थरथरायला लागलं. मध्येच खोकायचं, मध्येच फट् असा आवाज. वरच्या मजल्यावरच्या तेलुगू भाडेकऱ्यांनी खिडकी लावून घेतली. नवरा म्हणाला, अजून तिन्हींचा मेळ बसलेला नाही. प्रत्येकाने सारखीच हवा ओढली पाहिजे. ते तपासायची जुनी रीत सोपी आहे. रबराची एक बारीक नळी घ्यायची, एक टोक कानाला, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. हवा आत जाताना 'स्स्स' असा आवाज येतो. तिन्ही ठिकाणी तो आवाज सारखा येईपर्यंत एकेकाचा स्क्रू थोडा थोडा फिरवायचा.

नवऱ्याने नळी कानाला लावली. पहिल्याशी धरली, दुसऱ्याशी धरली. मग नळी काढून तिच्यात फुंकलं, परत लावली. थोडा वेळ तसाच वाकून उभा राहिला.

"ठीक वाटतंय," तो म्हणाला.

मला शेजारी उभं राहूनही ठीक वाटत नव्हतं. मी म्हटलं, "मागचा जास्ती ओढतोय बगा."

"काय म्हणालीस?"

माझ्या मनात नेहमीची कळ उठली. मी पुन्हा म्हटलं, शब्द सुटे सुटे करून, "शेवटचा कार्ब्युरेटर जास्त हवा घेतो आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि नळी माझ्या हातात दिली. "तू बघ बरं."

मी पाहिलं. पहिल्याचा आवाज पातळ होता, दूरवरच्या झऱ्यासारखा. मधल्याचा जरा भरलेला. शेवटचा तर फुत्कारत होता. मी त्याचा स्क्रू मागे घेतला, पहिल्याचा पुढे नेला, परत ऐकलं. ऊन पोर्चच्या फरशीवरून भिंतीवर चढलं तरी माझं चाललंच होतं. मग कधीतरी तिन्ही आवाज एकसारखे झाले आणि इंजिनाची थरथर अशी थांबली की बॉनेटवर ठेवलेल्या पेल्यातलं पाणी स्थिर झालं. नवऱ्याने तो पेला पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि आत जाऊन माझ्यासाठी लिंबाचं सरबत करून आणलं.

त्यानंतर नळी त्याने कधीच हातात घेतली नाही. काही बिघडलं की हाक मारायचा. मी स्वयंपाकघरातून सुद्धा सांगायला लागले की आज मधला कमी ओढतोय. मला वाटायचं, त्याला कंटाळा आला असेल. या माणसाचा उत्साह सुरुवातीला फार असतो, शेवट दुसऱ्याने करायचा, असं मी मुलीला फोनवर हसत सांगितलंही होतं.

थंडीत रविवारी सकाळी शहरातले जुन्या गाड्यांचे शौकीन एका मैदानावर जमतात. आम्ही पहिल्यांदा गाडी घेऊन गेलो. बॉनेट उघडल्यावर माणसं गोळा झाली. तीन कार्ब्युरेटर एका रांगेत पाहून एकाने शीळ घातली. कोणीतरी विचारलं, "ट्यून कौन किया साब? यहाँ तो ये काम करने वाला कोई बचा नहीं."

नवरा म्हणाला, "मैंने ही किया. कान से."

मी तेव्हा गाडीच्या मागे उभी होते. डिकीतून पोह्यांचा डबा आणि कागदी बशा काढत होते. मला आधी वाटलं मीच चुकीचं ऐकलं. मग त्याने नळी कशी धरायची ते हाताने दाखवलं, आवाज कसा पातळ असतो, कसा भरतो ते सांगितलं. ते सगळे माझे शब्द होते. संध्याकाळी चहाच्या वेळी मी त्याला जे सांगायचे तेच. बोलता बोलता त्याची नजर माझ्याकडे वळली आणि लगेच बाजूला गेली.

एक गृहस्थ मला म्हणाले, "भाभी, आप तो बोर होते होंगे इन सब में."

मी हसले आणि त्यांच्या हातात बशी दिली. राग आला असता तर बरं झालं असतं. मला लाज वाटली. त्याची वाटली, आणि त्याच्याबरोबर उभं राहून हसत पोहे वाढणाऱ्या माझीही वाटली. त्याचं खोटं फक्त दोघांना माहीत होतं, आणि आम्ही दोघं नवरा-बायको होतो. म्हणजे ते आमच्या घराचं खोटं झालं.

त्या गर्दीत टोलीचौकीचे एक दातांचे डॉक्टर होते, सत्तरी ओलांडलेले, अतिशय अदबशीर. त्यांच्याकडे त्याच जातीची गाडी, तिलाही तीन कार्ब्युरेटर. ते म्हणाले, "साब, हमारी बी देख लेओ जरा. बंडी खड़े खड़े ऐसी कांपती, जैसे बुखार चढ़ा है." गाडीला इथे बंडीच म्हणतात.

नवरा म्हणाला, "अगले इतवार घर ले आइए."

तो आठवडा आम्ही त्याबद्दल बोललो नाही. शनिवारी दुपारी मी ताटं पुसत होते तेव्हा तो दारात येऊन उभा राहिला.

"उद्या डॉक्टर येतायत," तो म्हणाला. "मी नळी लावीन. तू शेजारी उभी राहा, मडगार्डवर हात ठेवून. आवाज जास्त असला की हात उचल. सारखा झाला की परत ठेव. बस एवढंच."

मी म्हटलं, "नळीशिवाय मलाही नीट कळत नाही. मीच करते की. त्यात काय आहे?"

"तुला कळतं. इथून कळतं तुला."

"पण मीच का करू नये?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "बायकोला पुढे केलेलं बरं दिसत नाही. चार लोक काय म्हणतील?"

आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाच्या तोंडून असलं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. मी नोकरी केली, स्कूटर चालवली, वडील गेल्यावर वर्षभर बेगम बाजारातलं दुकान सांभाळलं. तेव्हा त्याला चार लोक कधी आठवले नव्हते. खरं तर मला तिथेच काहीतरी खटकायला हवं होतं. पण मी फार दुखावले होते. 'बरं' म्हणाले आणि ताटं मांडणीत लावली.

रविवारी डॉक्टरसाहेब सकाळीच आले. सोबत मटणाचे दम के कबाब नव्हे, आमच्या घरात चालतील म्हणून मुद्दाम खारी बिस्किटं आणली होती. गाडी पोर्चसमोर गल्लीत उभी केली. वरचे भाडेकरू, नवरा-बायको दोघंही, बाल्कनीत कॉफी पीत बघायला उभे राहिले. डॉक्टरांनी बॉनेट उघडलं. इंजिन खरंच तापाने फणफणल्यासारखं थरथरत होतं.

नवरा वाकला. मी मडगार्डवर हात ठेवला. त्याने नळी पहिल्याशी नेली. मी कान देऊन ऐकायचा प्रयत्न केला, पण परकी गाडी, परका आवाज, रस्त्यावरून रिक्षा जात होत्या. मला काही नीट लागेना. मी अंदाजाने हात उचलला. त्याने स्क्रू फिरवला, पण उलट्या बाजूला. इंजिन आणखी कुथायला लागलं. मी हात तसाच वर ठेवला. त्याने आणखी फिरवला.

डॉक्टरसाहेब मागे हात बांधून उभे होते. त्यांनी एकदा माझ्या वर धरलेल्या हाताकडे पाहिलं आणि मग नम्रपणे दुसरीकडे बघायला लागले. त्या क्षणी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शाळेत परीक्षेच्या वेळी खुणा करणारी पोरं मी पकडलेली आहेत. त्यांचा चेहरा पकडल्यावर कसा होतो ते मला ठाऊक होतं.

नवऱ्याने नळी काढली. सरळ झाला. "अब ठीक है," तो म्हणाला.

ठीक नव्हतं, हे बाल्कनीतल्या माणसांनाही कळत होतं. शेवटचा कार्ब्युरेटर फुत्कारत होता, पहिला जवळजवळ बंद. डॉक्टर हळूच म्हणाले, "जी. थोड़ा और देख लेते क्या?"

"नहीं नहीं, बराबर है," नवरा म्हणाला.

आणि माझा तोल गेला. आठवडाभर दाबून ठेवलेलं सगळं एका वाक्यात बाहेर आलं. मी मराठीत, पण सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काय बराबर आहे? ऐकू येत नाही का तुम्हाला?"

असं आपण म्हणतोच. पोरांना म्हणतो, दुकानदाराला म्हणतो. त्या शब्दांचा अर्थ कोणी धरत नाही.

नवरा माझ्याकडे वळला. म्हणाला, "नाही येत."

त्याचा आवाज अगदी साधा होता. जणू कोणी विचारलं होतं, घरात साखर आहे का. त्याने नळी माझ्या हातात ठेवली, हात पुसले आणि आत निघून गेला.

डॉक्टरांना मराठी पूर्ण येत नव्हती, पण इतकं कळायला भाषा लागत नाही. वरच्या बाल्कनीतून कपबशीचा आवाज आला आणि दोघं आत गेल्याचं कळलं. मी तिथेच उभी होते. इंजिन चालूच होतं.

डॉक्टर म्हणाले, "भाभी, मैं फिर कभी आ जाऊंगा."

मी म्हणाले, "नक्को, रुको. हो जाता." का म्हणाले, कोणास ठाऊक. कदाचित लगेच आत जायची हिंमत नव्हती म्हणून. मी वाकले आणि नळी कानाला लावली. कान आपलं काम करत होता. पहिल्याचा स्क्रू पुढे, शेवटचा बराच मागे, मधल्याला हात लावायची गरज नव्हती. इंजिनाचा ताप उतरत गेला. शेवटी ते इतकं शांत झालं की डॉक्टरांनी हात पुढे करून बॉनेटला स्पर्श केला, रोग्याच्या कपाळाला करतात तसा. त्यांचा चेहरा उजळला, आणि लगेच त्यांनी तो आवरला. माझ्यासमोर खूश व्हायची त्यांना चोरी झाली होती. चहा न घेताच ते गेले. जाताना म्हणाले, "साब को मेरा सलाम बोलो."

आत गेले तर नवरा स्वयंपाकघरात स्टुलावर बसला होता. त्याने तिघांचा चहा टाकला होता आणि तो आटून पातेल्याच्या तळाशी गेला होता. मी गॅस बंद केला.

"कधीपासून?" मी विचारलं.

त्याने माझ्या ओठांकडे पाहिलं. तो माझ्या ओठांकडे पाहतो हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

"पहिल्यांदा नळी लावली ना," तो म्हणाला, "तेव्हा वाटलं नळीच बुजलीय. फुंकून पाहिली. मग कळलं, नळी बरी आहे."

"म्हणजे तो आवाज तुम्हाला कधीच..."

"कधीच नाही. इंजिनाची घरघर येते. तो 'स्स्स' म्हणतेस तो कसा असतो, मला माहीत नाही. तू सांगतेस तेवढाच माहीत आहे."

मग तो हळूहळू बोलला. पक्ष्यांचे आवाज आधी गेले. मग वॉशिंग मशीनची शिटी. मग माणसांच्या बोलण्यातली काही अक्षरं. स, श, त, फ. शब्दांचे मधलेच तुकडे पोचायचे, बाकीचे अंदाजाने भरायचे. कंपनीत फोनवरच्या मीटिंगा अवघड झाल्या. एकदा सगळे हसले म्हणून तोही हसला. नंतर कळलं, त्याने भलतंच उत्तर दिलं होतं म्हणून सगळे हसले होते. त्या महिन्यातच त्याने राजीनामा दिला.

मी म्हणाले, "आणि मी सगळ्यांना सांगत फिरले, शौकासाठी सोडली म्हणून."

"ते बरंच झालं," तो म्हणाला.

"आणि काल म्हणालात ते, चार लोक काय म्हणतील..."

"तू मला मोठेपणाचा भुकेला समजली असतीस तर चाललं असतं. बहिरा समजण्यापेक्षा ते बरं."

मी स्टुलाशेजारी जमिनीवर बसले. मला सगळ्यांत जास्त छळत होतं ते वेगळंच. इतकी वर्षं त्याने 'काय म्हणालीस' म्हटलं की मी तोंड फिरवत होते. माझ्या मराठीला हसतोय असं समजून मी कितीदा वाक्य अर्धं सोडलं, कितीदा 'काही नाही, जाऊ द्या' म्हणून उठून गेले. सुरुवातीला तो खरंच चेष्टा करायचा, हे मी विसरलेले नाही. पण ती चेष्टा कधी संपली आणि त्याला खरोखर ऐकू येईनासं कधी झालं? मी एकेक वर्ष आठवून पाहिलं. मला ती रेघ काढता आली नाही, आजही येत नाही. मी त्याच्याशी एका घरात राहत होते. पोर्चमधल्या गाडीच्या शेवटच्या कार्ब्युरेटरला हवा जास्त जाते हे मला स्वयंपाकघरातून ऐकू यायचं, आणि हे कळलं नव्हतं.

कानाची तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी कागदावर दोन रेघा काढून दाखवल्या, दोन्ही उजवीकडे, बारीक आवाजांच्या बाजूला, उतरत गेलेल्या. कानात लावायची यंत्रं मिळाली. पहिल्या दिवशी ती लावून तो घरी आला आणि वर्तमानपत्राचं पान उलटताना दचकला. मग पान परत परत उलटून ऐकत बसला. मी आत जाऊन डोळे पुसून आले. नळी मात्र त्या यंत्रावर धरता येत नाही. धरली की यंत्रच शिटी वाजवायला लागतं.

पुढच्या वेळी मैदानावर जायला तो तयार नव्हता. मीच म्हटलं, चला. नाही गेलो तर कायमचं राहील. गेलो. यंत्रं त्याने घरीच काढून ठेवली होती. आम्ही उतरलो आणि एकेक जण त्याच्याशी बोलायला आला. प्रत्येक जण समोर येऊन, तोंड त्याच्या तोंडासमोर धरून, मोठ्याने आणि सावकाश बोलत होता, लहान मुलाशी बोलावं तसं. "साब, कैसे, हैं, आप?" कोणी टिंगल केली नाही. कोणाच्या डोळ्यांत हसू नव्हतं. डॉक्टरसाहेबांनी काही सांगितलं असेल असं मला वाटत नाही. निदान तसं नसावं. पण बातमी पोचली होती, आणि ती मी गल्लीत ओरडून म्हटलेल्या वाक्यापासूनच निघाली होती. तो प्रत्येकाला मान हलवून उत्तर देत होता. दोन जणांनी मला विचारलं, आमची गाडी कधी बघाल? मी त्यांना उत्तर देताना नवऱ्याकडे पाहू शकले नाही.

परतताना तो म्हणाला, "चांगली माणसं आहेत."

मी म्हणाले, "मी तसं बोलायला नको होतं. सगळ्यांसमोर."

"तू बोलली नसतीस तर मी अजून कितीतरी दिवस हात वर, हात खाली करायला लावलं असतं तुला," तो म्हणाला. "ते जास्त वाईट होतं."

हे ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्याने माफ केलं की मी काय केलं ते मला आणखी स्पष्ट दिसतं.

मार्चमध्ये त्याने एक छोटं उपकरण मागवलं. कार्ब्युरेटरच्या तोंडावर धरायचं, आत जाणाऱ्या हवेप्रमाणे काटा हलतो. ऐकायचं काही नाही, फक्त बघायचं. एका सकाळी मी पूजा करत होते तेव्हा पोर्चमध्ये इंजिन चालू झालं. बऱ्याच वेळाने त्याने हाक मारली, "जरा येऊन ऐक बरं."

मी गेले. तो बाजूला उभा राहिला, उपकरण हातात घेऊन, निकालाची वाट बघणाऱ्या विद्यार्थ्यासारखा. मी वाकून ऐकलं. पहिला, मधला, शेवटचा. तिन्ही सारखे होते. मी लावायचे त्याहूनही सारखे. माझ्या कानाला जो बारीक फरक कधीच काढता आला नव्हता, तो काट्याने काढून टाकला होता.

हे माझं होतं, एवढं एक काम माझं होतं, असं क्षणभर वाटून गेलं. ज्या माणसाला तो आवाज कधी ऐकायला मिळाला नाही, त्याच्या हातातल्या काट्याचा मला हेवा वाटला. लगेच त्या हेव्याची लाज वाटली. चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून मी बॉनेटखाली जरा जास्तच वेळ वाकून राहिले.

मग सरळ होऊन त्याच्या समोर उभी राहिले, त्याला माझं तोंड दिसेल अशी, आणि म्हणाले, "बराबर आहे. एकदम बराबर."

त्याला ते पहिल्याच वेळी कळलं. तो खूश झाला. मी आत येऊन देवासमोरची राहिलेली फुलं वाहिली आणि भाताला आधण ठेवलं.